आपला आलेखही शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे

२०२३ च्या भीमजयंतीला आमच्या विहारासमोर लावलेल्या एका फ्लेक्सबद्दल मला लिहायचं आहे. तो फ्लेक्स मी केला होता आणि तो खोटा होता. त्यावरचा एकही आकडा मात्र खोटा नव्हता.

आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, म्हणजे एनसीआरबीचे होते. अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे देशभरात नोंदवले गेलेले गुन्हे २०२० साली ५०,२९१ आणि २०२१ साली ५०,९००. हे दोन आकडे मी एक्सेलमध्ये टाकले आणि स्तंभालेख काढला. संगणकाने उभा अक्ष आपोआप ५०,००० पासून सुरू केला. दोन आकडे एकमेकांच्या फार जवळ असले की ते सॉफ्टवेअर असं करतं. त्यामुळे २०२० चा स्तंभ २९१ इतक्या उंचीचा झाला आणि २०२१ चा ९०० इतक्या. पाहणाऱ्याला दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसणार. खरी वाढ होती ६०९ गुन्ह्यांची. टक्केवारीत सांगायचं तर १.२ टक्के.

हे माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण लक्षात आलं होतं. समाजशास्त्रात एमए केलंय, संशोधन पद्धतीचा पेपर दिलाय. अक्ष कुठून सुरू होतो हे बघायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तो आलेख बघितला आणि मला बरं वाटलं. वर्षभर पोलीस स्टेशन आणि समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून जे कुणाला पटवता येत नव्हतं, ते दोन स्तंभांत दिसत होतं. मी दुसऱ्या स्तंभाला लाल रंग दिला आणि वर मथळा टाकला, ‘अत्याचारांचा भडका!’

फ्लेक्स छापायला देण्याआधी अभ्यासवर्गातल्या मुलांना दाखवला. बारावीतली एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, इथं अक्षसंकोचाची खूण नाही. दहावीला आमचे सर याचे मार्क कापायचे.”

मी म्हणाले, “अगं, रस्त्यावरचा फ्लेक्स माणूस चालता चालता बघतो. भावना पोचली पाहिजे.”

ती गप्प बसली. तिला पटलं, असं मी धरून चालले.

जयंतीनंतर चारच दिवसांत त्या फ्लेक्सचा फोटो गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला लागला. कुणीतरी डावीकडच्या ५०,००० वर गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘एक टक्का वाढ, दाखवली तिप्पट. यांच्या केसेसही अशाच असतात.’ त्याच आठवड्यात मी एका कुटुंबासोबत पोलीस स्टेशनला जात होते. त्यांच्या मुलाला मारहाण झाली होती, शिवीगाळ जातीवरून होती, आणि एफआयआरमध्ये अॅट्रॉसिटीचं कलम लागावं म्हणून आमच्या खेपा चालल्या होत्या. तिथल्या एका कर्मचाऱ्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. “मॅडम, हे तुमचंच ना?” एवढंच विचारून तो हसला. मला उत्तर देता आलं नाही. परतताना काळीपिवळीत त्या मुलाचा बाप बराच वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला, “ताई, मग आपली केस बी तसलीच हाय म्हणतील का आता?”

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

मी नेमकं काय लपवलं?

सुरुवातीला मला वाटत होतं, माझी चूक अतिशयोक्तीची आहे. वाढ थोडी होती, मी जास्त दाखवली. एडवर्ड टफ्टी या अमेरिकी अभ्यासकाने १९८३ च्या आपल्या पुस्तकात अशा आलेखांसाठी एक माप दिलं आहे. चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यातली खरी वाढ. उत्तर १ च्या आसपास आलं तर आलेख प्रामाणिक. त्याने त्या मापाला असत्याचं गुणोत्तर म्हटलं आहे. मी माझ्या फ्लेक्सचं गणित केलं. चित्रातली वाढ सुमारे २०९ टक्के, खरी वाढ १.२ टक्के. उत्तर १७० च्या वर गेलं.

पण जास्त विचार केला तेव्हा कळलं की अतिशयोक्ती ही त्यातली लहान चूक होती. अक्ष ५०,००० पासून सुरू करायचा याचा अर्थ काय? त्याखालचे ५०,००० गुन्हे चित्रातून काढून टाकायचे. ज्या एका वर्षात, टाळेबंदीच्या वर्षात, ५०,२९१ तक्रारी नोंदवल्या गेल्या, त्या वर्षाचा मी एक बुटका ठोकळा केला. का, तर पुढच्या वर्षाचा स्तंभ उंच दिसावा. बातमी ६०९ ची नव्हतीच. बातमी दर वर्षी पन्नास हजारांची आहे. आणि ती मीच जमिनीखाली गाडली.

‘वाढ झाली तरच लोक बघतील’ हा मीडियाचा नियम आहे. तो आपण का पाळायचा? जे दर वर्षी तितकंच घडत राहतं, ते थांबत नाही हाच तर आपला आरोप आहे. सपाट दिसणारा आलेख आपल्या विरोधात जात नाही. पन्नास हजारांवर सपाट असलेली रेषा हा या समाजावरचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

समोरच्यांचे आलेख

मित्र म्हणतील, तू आपल्याच लोकांना उपदेश कसला करतेस? समोरचे काय करतात ते बघ. बघूच.

२० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात अॅट्रॉसिटी कायद्यावर बंधनं घातली. अटकेआधी परवानगी, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी. त्या निकालात कायद्याच्या गैरवापराची चर्चा करताना काही आकडे आले होते. २०१५ मध्ये न्यायालयांनी निकाल दिलेले खटले १५,६३८. त्यात शिक्षा ४,११९, निर्दोष सुटका किंवा आरोपमुक्ती ११,०२४, मागे घेतलेले ४९५. हे आकडे खरे आहेत. पण त्यानंतर मोबाइलवर जे वृत्तालेख फिरले ते आठवा. वर्तुळाचा तीन चतुर्थांश भाग एका रंगात आणि त्यावर एकच शब्द, ‘खोट्या’.

यात तीन लबाड्या आहेत, आणि तिन्ही ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली नावाची. ‘निर्दोष सुटका’ या खान्यावर ‘खोटी तक्रार’ अशी चिठ्ठी डकवली. साक्षीदार फितूर झाला, पंच उलटले, खटला इतकी वर्षं रखडला की फिर्यादीच दमला, तपास नियमाप्रमाणे डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नाही म्हणून आरोपी सुटला, या सगळ्यांचा निकाल कागदावर ‘निर्दोष’ असाच येतो. खून, दरोडा, बलात्कार यांतही आरोपी सुटतात. त्या सुटकांचं वर्तुळ काढून ‘खोटे खून’ असं कुणी लिहीत नाही.

दुसरी लबाडी छेदाची. १५,६३८ हे त्या वर्षी निकाल लागलेले खटले. जे न्यायालयात पडून आहेत ते या वर्तुळात नाहीतच. जे पोलीस स्टेशनच्या दारातून परत पाठवले गेले ते तर कुठल्याच वर्तुळात नाहीत.

तिसरी लबाडी शेजारचा आकडा न दाखवण्याची. त्याच निकालात २०१६ चा दुसरा आकडा होता. तपासानंतर पोलिसांनी ‘खोट्या’ ठरवलेल्या अनुसूचित जातींच्या केसेस ५,३४७. त्या वर्षी नोंदवलेले गुन्हे ४०,८०१. ज्या पोलिसांच्या वृत्तीबद्दल आपली तक्रार असते, त्यांच्याच शिक्क्याने मोजलं तरी हा आकडा नोंदींच्या तुलनेत तेरा टक्क्यांच्या आसपास येतो. मग सत्तर-पंचाहत्तर टक्के कुठून आले? पहिल्या लबाडीतून.

२ एप्रिल २०१८ चा भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातलं. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने पुनर्विचारात आपल्या सूचना मागे घेतल्या आणि खोटी तक्रार हा माणसाचा दोष आहे, जातीचा नव्हे, ही भूमिका घेतली. १० फेब्रुवारी २०२० ला कलम १८-अ वैध ठरलं. कायदा वाचला. पण ते वर्तुळ अजून जिवंत आहे. आजही कुठल्याही वादात कुणीतरी ते पुढे करतो.

मी हे वर्तुळ पंचवीस सभांमध्ये फोडून सांगितलंय. नावाची लबाडी, छेदाची लबाडी, सगळं. आणि त्याच हाताने मी अक्षाची लबाडी केली.

नकाशातला फिकट महाराष्ट्र

काही लबाड्या अशा असतात की त्या करणाऱ्यालाही कळत नाहीत. राज्यांचा नकाशा घ्या. २०२२ च्या नोंदींप्रमाणे उत्तर प्रदेशात १५,३६८ गुन्हे, राजस्थानात ८,७५२, मध्य प्रदेशात ७,७३३. या आकड्यांवरून रंग भरले तर उत्तर प्रदेश सगळ्यात गडद. पण तिथली अनुसूचित जातींची लोकसंख्याच चार कोटींच्या वर आहे. दर लाख लोकसंख्येमागे मोजलं तर राजस्थान ७१.६, मध्य प्रदेश ६८.२ आणि उत्तर प्रदेश ३७.२. नकाशाचे रंग लगेच बदलतात. शिवाय हा दर काढताना लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरलेली आहे, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. ज्या नकाशाखाली यातलं काहीच लिहिलेलं नाही, तो नकाशा बघून मत बनवू नका.

आता महाराष्ट्र. देशाचा दर २८.६ होता, आपला त्याहून कमी. दोन्ही नकाशांत महाराष्ट्र फिकट दिसतो, आणि मग फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणून छाती फुगवली जाते. पण हे स्तंभ अत्याचारांचे नाहीत, नोंदींचे आहेत. आमच्या भागात तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला आधी चहा पाजतात, मग गावात राहायचंय ना, असं विचारतात, आणि मग साध्या मारहाणीचं कलम लावतात. ती केस या नकाशात येत नाही. म्हणजे नोंदवलेले गुन्हे वाढले तर ते अत्याचार वाढल्याचं लक्षण असू शकतं, आणि लोकांची तक्रार करायची हिंमत वाढल्याचंही. नुसता स्तंभ बघून यातलं काय खरं ते सांगता येत नाही. त्यासाठी वस्तीत जावं लागतं.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चार जणांचे खून. आरोपींना शिक्षा झाली, पण अॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही. न्यायालयांनी त्याला सूड म्हटलं. म्हणजे ज्या घटनेने अख्खा महाराष्ट्र रस्त्यावर आला, ती अॅट्रॉसिटीच्या शिक्षेच्या स्तंभात मोजली गेलेली नाही. फिकट रंगाखाली काय असतं, हे यावरून समजून घ्या.

बाबासाहेब आणि आकडे

आकड्यांशी खेळ आपल्यासाठी नवा नाही. १९३२ साली लोथियन समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न होता आणि बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांच्या संख्येवर प्रतिनिधित्व ठरणार हे दिसू लागताच, आमच्या प्रांतात अस्पृश्य फारसे नाहीतच, असं सवर्ण पुढारी सांगू लागले. अस्पृश्यता कायम होती, अस्पृश्य तेवढे कागदावरून नाहीसे होत होते. बाबासाहेबांनी यावर एक प्रकरण लिहून ठेवलं आहे. त्याचं नावच ‘फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स’ आहे, दशलक्षांवरून अपूर्णांकांवर. उत्तर म्हणून त्यांनी संख्या फुगवली नाही. मोजणी कशी झाली, कुणी केली, व्याख्या कुठे बदलली, हे दाखवलं. ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या १९४५ च्या ग्रंथात १९३७ च्या निवडणुकांचे तक्तेच्या तक्ते आहेत. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी बरंच काही म्हटलं, पण त्यांना आकड्यांनिशी वाद घालावा लागला. ही ताकद तक्त्यांच्या खरेपणातून येते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. फ्रेडरिक हॉफमन नावाच्या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने १८९६ साली पुस्तक लिहिलं. कृष्णवर्णीयांचा मृत्युदर जास्त आहे, तो त्यांच्या वंशाचा गुण आहे, हा समाज नष्ट होत जाणार, असा त्याचा सिद्धांत होता. पानोपान तक्ते होते. पुढच्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या तरुण कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने त्याचं परीक्षण केलं. युरोपातल्या काही शहरांमध्ये गोऱ्यांचा मृत्युदरही तितका किंवा जास्त आहे, मग तिथे वंशाचा दोष का नाही, असा त्याचा मुद्दा होता. हॉफमनचे आकडे होते तिथेच राहिले. न दाखवलेला शेजारचा स्तंभ ड्यू बॉइसने दाखवला, इतकंच.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ड्यू बॉइसने अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हाताने रंगवलेले साठेक आलेख मांडले. जमीन, शाळा, व्यवसाय, साक्षरता. त्यातला एक आलेख गुलाम आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या प्रमाणाचा आहे. जवळजवळ सगळं चित्र काळं, वर हिरव्या रंगाची अरुंद पट्टी, आणि शेवटी १८७० ला एकदम सगळं हिरवं. त्या चित्राला बाण लागत नाही, भडका हा शब्द लागत नाही. याच ड्यू बॉइसला १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिलं आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइसने उत्तरही दिलं. दोघांनाही ठाऊक होतं की ज्यांच्या हातात सत्ता नाही त्यांच्या हातात पुरावा असावा लागतो.

‘थोडं वाढवून सांगितलं तर बिघडलं कुठे?’

हा प्रश्न मला आपल्याच एका जुन्या कार्यकर्त्याने विचारला. त्यांचं म्हणणं असं की समोरच्यांकडे चॅनेल आहेत, पैसा आहे, आयटी सेल आहे, आणि आपल्याकडे एक फ्लेक्स. त्यात आपण नैतिकतेचे धडे गिरवत बसलो तर हरणारच.

मी या म्हणण्याला हसण्यावारी नेत नाही. पण उत्तर देते.

बलवानाचं खोटं पकडलं गेलं तरी त्याचं काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी तो नवं खोटं छापतो. आपलं खोटं एकदा पकडलं की आपलं खरंही खोटं ठरतं. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. त्या गोष्टीत लांडगा शेवटी खरोखर येतो हे विसरू नका. २०२२ मध्ये नोंदवलेले गुन्हे ५७,५८२ झाले, एका वर्षात १३ टक्क्यांची वाढ. ही खरी वाढ होती. पण ती सांगायला गेले तेव्हा समोरचा माणूस म्हणाला, “मागच्या वर्षीपण तुम्ही भडकाच म्हणाला होता.”

दुसरं, आपली सगळी लढाई पुराव्याची आहे. एफआयआर, जबाब, पंचनामा, जातीचा दाखला, साक्ष. आपण फिर्यादीला सांगतो, घडलं तेवढंच सांग, एक शब्द जास्त नको, उलटतपासणीत अडकशील. जो नियम आपण मार खाल्लेल्या माणसाला लावतो, तो सावलीत बसून फ्लेक्स बनवणाऱ्या कार्यकर्तीला का लागू नये?

आणि तिसरं. आपण दर पौर्णिमेला पंचशील घेतो. चौथं शील मुसावादापासून अलिप्त राहण्याचं आहे. मी स्वतःला सांगितलं होतं की मी खोटं बोलले नाही, आकडे तर खरेच आहेत. पण समोरच्याच्या मनात खोटं उभं राहावं अशी मांडणी करणं आणि मग शब्दांकडे बोट दाखवणं ही पळवाट आहे. बुद्धांनी कालामांना सांगितलं की कुणी सांगतं म्हणून मानू नका, स्वतः तपासा. मग आपण असं काही लोकांसमोर का ठेवावं, जे तपासलं की तुटतं?

आता आम्ही काय करतो

अभ्यासवर्गात आता कुठलाही आलेख आला, आपला असो की त्यांचा, की पाच प्रश्न विचारायचे असं ठरलंय.

१. अक्ष शून्यापासून सुरू होतो का? स्तंभ असतील तर झालाच पाहिजे.
२. छेद काय आहे? कशाचे टक्के?
३. हे घडलेलं आहे की नोंदवलेलं?
४. शेजारचा कुठला आकडा दाखवलेला नाही?
५. आकडा कुणाचा, कुठल्या वर्षाचा, हे खाली लिहिलंय का?

पाचपैकी एकाचंही उत्तर नाही मिळालं तर तो फोटो पुढे पाठवायचा नाही. बाबासाहेबांचा फोटो असलेला असला तरी नाही.

२०२४ च्या जयंतीला नवा फ्लेक्स केला. तो त्याच मुलीने आखला. आता ती बीएस्सीला आहे. आठ फूट उंच, एका फुटाला दहा हजार गुन्हे, सुरुवात जमिनीपासून. २०२० चा स्तंभ पाच फुटांचा. २०२१ चा त्याहून पाऊण इंच उंच. २०२२ चा त्याहून आठ इंच उंच. रंग एकच. मथळ्यात फक्त, अनुसूचित जातींवरील अत्याचारांचे नोंदवलेले गुन्हे, भारत. खाली अहवालाचं नाव आणि वर्ष.

मी तिला विचारलं, पहिले दोन तर सारखेच दिसतात. ती म्हणाली, “सारखेच होते ना, ताई.”

जयंतीच्या दिवशी लोक त्या फ्लेक्ससमोर उभे राहिले तर स्तंभ त्यांच्या खांद्याला, डोक्याला लागत होते. माणसाएवढे. एका म्हातारीने विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, एकेका वर्षातल्या तक्रारी. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “एवढ्या? आन् आमच्यासारख्या न गेलेल्या?” तो प्रश्न आम्ही नंतर फ्लेक्सच्या तळाशी लिहिला, कारण तो कुठल्याच अहवालात नाही.

त्या मुलाच्या केसमध्ये कलम लागलं. आरोपपत्र दाखल झालं. तारखा चालू आहेत. त्याचा बाप दर तारखेला मला फोन करतो. त्याने काळीपिवळीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला अजून तोंडाने दिलेलं नाही. पण त्या फ्लेक्सचा फोटो पुन्हा कुणी माझ्यासमोर धरला तर मी सांगू शकेन, हो, तो माझाच होता, चुकीचा होता, आणि हा बघा दुरुस्त केलेला. मोजून घ्या.

जय भीम. नमो बुद्धाय.